लाल लोकर

आमच्या भागातल्या लहान लहान खासगी कॉलेजांच्या क्रीडास्पर्धा म्हणजे जवळपास घरचंच कार्य. मी एरवी मराठी शिकवते, पण त्या दिवशी माझ्या हातात घड्याळ देतात. यंदा तीन हजार मीटरच्या शर्यतीला एका कॉलेजचा अख्खा संघ म्हणजे एकच मुलगी होती. सोबत संघव्यवस्थापक म्हणून आले होते त्यांचे ग्रंथपाल.

शेवटच्या रेषेवर आम्ही लाल लोकर ताणून धरतो. पहिली येणारी ती छातीने तोडते. मात्र आमच्याकडची रीत अशी, की सगळ्यात मागून येणारीसाठी तीच तुटलेली लोकर गाठ मारून पुन्हा धरायची.

ही मुलगी चांगली एक फेरी मागे होती. धापा टाकत आली, लोकर पाहून थबकली आणि अलगद वाकून खालून निघून गेली.

"अगं, तोडायची होती ती!" ग्रंथपाल ओरडले.

"सर, मला वाटलं, पुढच्या शर्यतीसाठी धरलीय."

सगळं मैदान हसलं. तीही हसली. मग आपणहून वीस पावलं मागे गेली आणि अशी सुसाट आली, की लोकर धरणारे दोन्ही सर ओढले गेले.

हसता हसता माझ्या मनात आलं: माझ्यासाठी धरलेल्या अशा किती लोकरींखालून मी, त्या दुसऱ्या कुणाच्या समजून, वाकून निघून गेले असेन!

बक्षीस समारंभात ती पहिल्या रांगेत बसून जोरजोरात टाळ्या वाजवत होती. वेणीला लाल लोकर बांधलेली होती.