मामांच्या डावीकडे

माझ्या मामेसासऱ्यांइतका जपून ट्रक चालवणारा माणूस मुंबई-आग्रा रस्त्यावर दुसरा झाला नाही, असं माझं ठाम मत आहे. हयगयीने गाडी चालवून एका माणसाच्या मरणाला कारण झाल्याबद्दल त्यांनी दीड वर्षाची शिक्षा भोगली होती, हे लक्षात घेऊनच मी ते बनवलं आहे.

सत्तरच्या दशकात ते तुरुंगातून सुटून आले, तेव्हा पंचवटीत आम्ही एकाच गल्लीत राहत होतो. आत असताना त्यांचं लायसन संपून गेलं होतं, पण त्यांच्या हातापायांना ते कुणी कळवलं नव्हतं. भाजी आणायला निघालेले मामा कोपऱ्यावर वळण्याआधी उजवा हात लांब करून इशारा देत. इतक्या रीतसर की मागून येणारी म्हैससुद्धा घटकाभर थांबे. जेवायला बसले की डावा पाय पाटाच्या कडेला क्लच दाबत असे. "आमटी वाढू का म्हणून विचारलं, तर आधी मागनं कुणी येतंय का ते बघतात, मग हो म्हणतात," अशी मामींची तक्रार होती. समोरून कुणी कंदील घेऊन आलं, तर आपल्या हातातला कंदील ते बारीक करत. या सगळ्याला आम्ही हसत असू, आणि त्यांनाही आम्ही हसलेलं आवडत असे.

एका सवयीला मात्र कुणी हसत नसे. मामांच्या डावीकडे कायम एका माणसाची जागा मोकळी असे. चालताना ते डाव्या अंगाला हातभर अंतर सोडून चालत. मामी बिचाऱ्या बावीस वर्षांच्या संसारानंतर उजवीकडून चालायला शिकल्या. चहाला गेले की दोन चहा मागवत. एक पीत, दुसरा डाव्या हाताला ठेवत, आणि तो पुरता निवला की उठून रस्त्याच्या कडेला ओतत. एकदा नाशिक रोडला जाताना मी त्यांच्याबरोबर सिटी बसमध्ये होतो. मी माझं तिकीट काढलं, त्यांनी दोन काढली. कंडक्टरने त्यांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि धंद्यात मुरलेल्या माणसाच्या शांतपणाने विचारलं, "हाफ की फुल?"

"फुल," मामा म्हणाले. "चाळिशीचा हाय."

हा चाळिशीचा गृहस्थ कोण, ते मला लायसनच्या अर्जामुळे कळलं. मी सरकारी कचेरीत कारकून होतो, त्यामुळे गल्लीतले सगळे अर्ज माझ्याकडे येत. मामा एका रविवारी छापील अर्ज घेऊन आले. त्यात एक रकाना होता, यापूर्वी शिक्षा झाली आहे काय. मी व्यवहारी सल्ला दिला, "मामा, इथे एक रेघ मारू. वाचणारे वाचत नाहीत."

"रेघ नाय मारायची. मेलाय तो, जावईबापू. रेघ काय मारता?"

"बरं, कोण मेला? नाव सांगा."

"नाव नाय माहीत. तसं लिहा."

मग त्यांनी सांगितलं. मालेगावहून कापडाच्या गाठी भरून ते पहाटे निघाले होते. नाक्यावर एका माणसाने हात केला. अंगात धुवट सदरा, हातात काही नाही. "नाशिकला सोडा," एवढं म्हणाला आणि डावीकडे बसला. पुढे एक शब्द नाही. चांदवडजवळच्या घाटात धुकं होतं, मामांचा डोळा लागला असेल नसेल, आणि ट्रकची डावी बाजू चिंचेच्या झाडावर गेली. मामांना खरचटलंसुद्धा नाही. त्या माणसाच्या खिशात कागद नव्हता, ओळख पटवायला कुणी आलं नाही. कोर्टाच्या कागदात तो "अनोळखी इसम, वय अंदाजे चाळीस" एवढाच राहिला.

"तुम्ही मार्केटात वजनकाट्यावर का बसत नाही? ट्रकच कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"त्याला नाशिकला सोडायचाय," मामा म्हणाले. "बसवून घेतला आन् सोडला नाय. असं कुठं असतंय का?"

माझा भुताखेतांवर विश्वास नाही. ज्यांचा आहे, त्यांच्याशी वाद घालण्यात मी ऐन तारुण्य घालवलं आहे. पण त्या रविवारी मी रकान्यात सुवाच्य अक्षरात सगळं लिहिलं, आणि लिहिताना माझ्या डाव्या खांद्याशी कुणीतरी वाकून वाचतंय असं मला सारखं वाटत राहिलं. मामा समोर बसले होते. मी एकदाही मागे पाहिलं नाही, याचं श्रेय मी बुद्धिवादाला देतो.

आग्रा रोडवर वीस वर्षं काढलेल्या माणसाला मग शिकाऊ लायसन मिळालं. ट्रक जुन्या शेठचाच. त्यांनी "कागद आणा, गाडी तुमचीच," असं सांगून ठेवलं होतं. परीक्षेच्या दिवशी आम्ही मैदानावर गेलो. परीक्षा घेणारे साहेब काळा चष्मा लावून आले. त्यांच्या मागे शिपाई, शिपायाच्या हातात साहेबांची छत्री, आणि छत्री उघडावी असं आभाळात काही नाही. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला.

"एक मारलात ना? आता आणखी किती मारायचेत?"

"एकच हाय साहेब. त्यालाच पोचवायचाय."

साहेबांना यातलं काही कळलं नाही, पण न कळल्याचं दाखवण्याची त्यांच्या खात्यात पद्धत नसावी. ते डावीकडचं दार उघडून चढू लागले, तर स्टिअरिंगवरून मामा म्हणाले, "साहेब, जरा मधी बसा. तिथं माणूस हाय."

"कोण माणूस?"

"ज्याच्यापायी आत गेलो होतो, तो."

मला वाटलं, संपलं. साहेब पायरीवर एक पाय ठेवून उभे होते. सीट रिकामी होती. रेक्झिनवर ऊन पडलं होतं. तेवढ्या उन्हात सीटच्या मधोमध बैठकीएवढा खळगा पडलेला मला दिसला. जुन्या सीटला खळगा असतोच. साहेब बराच वेळ त्याकडे बघत राहिले. मग अंग आखडून, त्या खळग्याला न शिवता, पलीकडे गेले आणि दोन सीटांमधल्या इंजिनाच्या बॉनेटवर बसले. दार उघडंच राहिलं होतं. मी ते लावायला पुढे झालो, एवढ्यात ते हलकेच ओढलं गेलं आणि कडी बसल्याचा आवाज आला.

वारा नव्हता. मैदानाला उतार असावा, असा मी तेव्हा निष्कर्ष काढला. पुढे एकदा मुद्दाम जाऊन पाहिलं, उतार नव्हता.

दहा मिनिटांनी साहेब उतरले ते उजवीकडून, मामांच्या मागोमाग. काळा चष्मा हातात होता. तापलेल्या बॉनेटवर बसल्या जागी हलायचाही धीर न झाल्यामुळे त्यांची विजार मागून चुरगळली होती. त्यांनी उभ्याउभ्याच सही केली आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "दार तुम्हीच लावलंत ना?"

"हो," मी म्हणालो. सरकारी कामात मी एवढंच खोटं बोललो आहे.

मामा पुन्हा मालेगाव-नाशिक खेपा करू लागले. इतक्या हळू, की कांद्याच्या बैलगाड्या त्यांच्या पुढे जात आणि गाडीवान वळून काळजीने बघत. क्लीनर त्यांनी ठेवला नाही. कुणी दुसऱ्यांदा यायला तयार नसे. एकदा कामासाठी मालेगावला गेलो असताना माझी एसटी चुकली आणि मी मामांच्या ट्रकमध्ये चढलो. माझ्यासारखा नास्तिक माणूस डावीकडची ऐसपैस सीट सोडून तीन तास भाजत्या बॉनेटवर बसला. मला कुणीही तसं बसायला सांगितलं नव्हतं.

घाटात चिंचेपाशी मामांनी दोन बिड्या पेटवल्या. एक स्वतः ओढली, दुसरी डावीकडे काचेखालच्या फळीवर ठेवली. मी समोर बघत होतो, पण माणसाला डोळ्यांचे कोपरेही असतात. बिडीचं टोक लाल व्हायचं, थांबायचं, पुन्हा लाल व्हायचं. खिडकीतून वारा येत होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

नाशिकात शिरल्यावर द्वारका चौकापाशी मामांनी ट्रक कडेला घेतला, खाली उतरून वळसा घातला आणि बाहेरून डावं दार उघडलं. "आलं का तुमचं?" त्यांनी विचारलं. पाहुण्यांना विचारावं तसं, अदबीने. मागे हॉर्न वाजत होते. मिनिटभर उभे राहून त्यांनी दार लावलं.

"काय म्हणाला?" मी विचारलं आणि माझाच आवाज ऐकून दचकलो.

"बोलत नाय काय. उतरत नाय."

तो "नाशिकला" म्हणाला होता. नाशकात कुठे, ते राहून गेलं होतं. मामा दर खेपेला नवं ठिकाण धरत. गंजमाळ झालं, भद्रकाली झाली, नाशिक रोडच्या चाळी झाल्या. ज्या गल्लीत ट्रक शिरत नसे, तिच्या तोंडाशी ते दार उघडून उभे राहत. अशी दहा-बारा वर्षं गेली. त्यांचे केस पांढरे झाले, शेठ वारले, शेठच्या मुलाने गाडी मामांकडेच ठेवली. एवढ्या वर्षांत त्यांच्या ट्रकखाली कोंबडीसुद्धा आली नाही.

मग ऐंशीच्या दशकात एका दुपारी ते माझ्याकडे आले. किल्ली शेठच्या मुलाला देऊन आले होते.

"उतरला," ते म्हणाले.

"कुठे?"

"आडगावच्या अलीकडं. नाशिक यायचंच होतं अजून. शेळ्या आडव्या आल्या म्हणून थांबलो. काय नाय तिथं, जावईबापू. घर नाय, विहीर नाय. आपलं आपण दार उघडलं आन् बांधावरनं चालाय लागला."

लायसनची अजून दोन वर्षं बाकी होती. मी म्हणालो, आता मोकळे झालात, आता सुखाने चालवा. पण ते परत ट्रकवर चढले नाहीत. मी चहा टाकायला सांगितलं. मामांनी एकच कप घेतला आणि तो हातात धरून बसून राहिले.

"जाताना काही म्हणाला?" मी विचारलं.

"तो कधी बोललाय?"

"हात तरी केला असेल."

परगावी गेलेल्या मुलाचं पत्र आलं का, असं कुणी विचारल्यावर म्हातारे बाप जसे बघतात, तसे मामा दाराबाहेर बघत होते.

"मागं वळून बघितलं नाय त्यानं," ते म्हणाले.

आणि माझा ज्याच्यावर कधीच विश्वास नव्हता, त्या माणसाचा मला विलक्षण राग आला.