यंदा मुनवे लावू की नको

मी घर सोडलं त्या दुपारी बाबा केळींना पाणी लावत होते. गाडी दारात उभी, दोन्ही बॅगा डिकीत, आई तिसऱ्यांदा पासपोर्ट घेतलास ना म्हणून विचारतेय, आणि बाबा वाडीत. लाईट बाराला आली होती आणि दोनला जाणार होती, त्यामुळे चालू पंप सोडून येणं त्यांना जमणार नव्हतं. शेवटी मीच नवे बूट चिखलात घालून त्यांच्यापर्यंत गेले. त्यांनी पाणी एका आळ्यातून दुसऱ्यात वळवलं, हात लुंगीला पुसले आणि केळीच्या वाळल्या पानात बांधलेली सुकेळी, घरी उन्हात वाळवलेली केळी, माझ्या हातात ठेवली. "पोचलीस की कळव," म्हणाले आणि पुन्हा कुदळ उचलली. मला भयंकर राग आला. मुलगी सातासमुद्रापार चाललीय आणि ह्यांना शेवटच्या ओळीपर्यंत पाणी पोचतंय की नाही याची काळजी! तो राग डब्लिनच्या विमानतळापर्यंत पुरला. तिथे बॅगेची वाट बघताना मला रडू फुटलं.

जाण्यावरून घरात बरंच वाजलं होतं. मी एकुलती एक. गावात, गिरीजला स्वतःची वाडी, जवळच माणिकपूरला चालत्या कंपनीत नोकरी, मग हिला आणखी हवंय काय, हा आईचा प्रश्न. मी वादात तयारीनिशी उतरले. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून एक यादी छापून आणली: कोणत्या देशात दर माणशी वर्षाला किती उत्पादन होतं त्याची. आयर्लंड पहिल्याच पानावर, अगदी वर. आपला देश शोधायला पानं उलटावी लागत होती. आईने यादीकडे बघितलंही नाही. बाबांनी मात्र चष्मा लावून सगळी पानं वाचली, भजनाच्या वहीसारखी, ओळीवर बोट ठेवून.

"म्हणजे तिकडे दर माणसाला एवढं मिळतं?" त्यांनी विचारलं.

"हो, साधारण तसंच," मी म्हटलं.

खोटं बोलले असं म्हणवत नाही, कारण मलाही तेव्हा तसंच वाटत होतं. बाबांनी यादी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवली आणि वाद मिटला.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी चार घरं बदलली, आणि घरं म्हणतेय ती केवळ सवयीने. खोल्या होत्या त्या. आता राहते तिथे आम्ही पाच जण आहोत, पाच देशांचे. फ्रिजमधला दुसरा कप्पा माझा, त्यावर माझ्या नावाची चिकटपट्टी. एकदा व्हिडिओ कॉलवर बोलताना माझ्या मागून एक उंच मुलगा आला, त्याने गॅसवरची माझी आमटी बाजूला सरकवली आणि आपलं पातेलं चढवलं.

"हा कोण?" बाबा.

"हाउसमेट. त्याची कुकिंगची वेळ झाली."

बाबांनी कॅलेंडरच्या खिळ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "यादीत तर तुमचा देश वर हाय. मग तुझ्या वाट्याचं कोण खातं, बाय?"

मला इतकं हसू आलं की दुसऱ्या दिवशी लंचला मी ते ईफाला सांगितलं. ईफा माझ्या टीममधली, इथलीच, अस्सल डब्लिनची. ती हसली नाही. म्हणाली, तुझे वडील विचारतात तेच आम्ही सगळे विचारतो. मग तिने समजावलं की मोठमोठ्या परदेशी कंपन्या जगभरातली कमाई इथल्या कागदावर दाखवतात. एकूण आकडा फुगतो, त्याला इथल्या थोड्याशा डोक्यांनी भागलं की प्रत्येक माणूस श्रीमंत दिसतो. आमची कंपनी त्यातलीच असावी. "माझंच बघ," ती म्हणाली, "छत्तीस वर्षांची झाले आणि परवडत नाही म्हणून आईवडिलांकडे राहते." हे तिने तोंड वाकडं करून सांगितलं आणि मला तिचा हेवा वाटला. मी नेमकं तेच सोडून तिच्या देशात आले होते.

तरी मी रडगाणं गात नाहीये. माझ्यासारखे जे निघून आलेत त्यांना माहीत आहे की इथे काय मिळतं. साडेपाचला लॅपटॉप बंद केला की कुणी फोन करत नाही. एकटी बाई कुठेही जाऊन बसते, लग्नाचं कुणी विचारत नाही. नळाला चोवीस तास पाणी. घरी गेले की आठ दिवसांतच मी लाईटवरून, रस्त्यातल्या खड्ड्यांवरून, तुंबलेल्या पाण्यावरून चिडचिड करायला लागते, आणि आई म्हणते, "मॅडम आल्या." आणि तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं की आम्ही सुटलो. मलाही काही दिवस वाटतं. मग एखाद्या रविवारी वाटत नाही.

गेल्या मे महिन्यात बाबांनी फोन केला. ते स्वतःहून कधी करत नाहीत, त्यामुळे मी आधी घाबरलेच. गुडघ्याबद्दल थोडं बोलले. शेजारची वाडी गेली, तिथे सात मजले उभे राहताहेत, तोच बिल्डर आपल्याकडेही दोनदा येऊन गेला, असं सांगितलं. मग म्हणाले, राजेळी केळीचा जुना बाग संपत आला, आता नवी लावायची तर पावसाच्या तोंडावर लावायला हवी. "यंदा मुनवे लावू की नको?"

मुनवे म्हणजे केळीच्या बुंध्याशी फुटतात ती पिलं, तीच उपटून नव्या आळ्यात लावतात. मला कळेना, हे मला का विचारताहेत.

"तू येणार असशील तर लावतो," ते म्हणाले. "नसशील तर वाडी बिल्डरला देऊन टाकतो. आम्हा दोघांना फ्लॅट पुरे. मना काय ते एकदा सांग."

मी आठ दिवस मागून घेतले. आणि काय केलं? पुन्हा याद्या काढल्या! दर माणशी उत्पादनाची काढली, त्यात इथलं पारडं जड. मग स्वस्ताई-महागाई धरून केलेली काढली, त्यात आपला देश बराच वर सरकला. मग घरभाडं धरलं, डॉक्टर धरले, आईबाबांची वयं धरली. एक्सेलची शीट लांबत गेली. रात्री झोपताना उत्तर एक यायचं, सकाळी ब्रश करताना दुसरं. बाबांची सुकेळी कुठल्या रकान्यात घालावी तेही सुचेना. मांडवावर आठवडाभर उन्हात वाळवायची, संध्याकाळी झाकायची, सकाळी उघडायची, आणि मग त्यातली निम्मीअधिक लोकांना वाटून टाकायची. ती कोणत्या देशाच्या उत्पादनात धरतात? माझ्या कपाटात गेल्या खेपेची दोन शिल्लक होती. शीट उघडी ठेवून मी ती दोन्ही खाल्ली.

नवव्या दिवशी फोन केला. सगळं नीट मांडून सांगायचं ठरवलं होतं, या बाजूने हे, त्या बाजूने ते. तोंडून निघालं एवढंच, "बाबा, मला कळत नाहीये. खरंच कळत नाहीये." आणि मी चौतीस वर्षांची बाई सगळ्यांच्या स्वयंपाकघरात मुसमुसायला लागले. उंच मुलगा त्याचं पातेलं घेऊन आल्या पावली परत गेला.

पलीकडून पंपाचा आवाज येत होता. मला वाटलं, आता म्हणतील, मग देऊन टाकतो.

"मग लावतो," बाबा म्हणाले.

"अहो, पण मी येईन की नाही..."

"राजेळीला घड यायला वर्षाच्या वर लागतं, बाय. तोवर तुझं ठरेल. नाय ठरलं तर पुढचे मुनवे हायतच की. पंचवीसेक लावून ठेवतो."

फोन ठेवल्यावर मी शीट बंद केली. सेव्ह करायचं का, असं तिने विचारलं आणि मी नको म्हटलं.

मला घर कुठे असं अजूनही विचारलं जातं आणि मी अजूनही अडखळते. पण माझं काहीच ठरलेलं नसताना माझ्या नावाने आळी खणली जाताहेत, अशी जगात एकच जागा आहे, एवढं मला आता माहीत आहे. परवा आईचा फोन आला होता. आवाज बारीक करून म्हणाली, "तुला सांगू नको म्हणालेत. पण साठ लावलेत."