खंय दुखता?

रविवारी मासे घ्यायला दुबईच्या देरा भागात गेलो की तो मालवणी फोरमन कामगारांच्या खोल्यांखाली बाकावर दिसायचा. गावाहून नव्याने आलेल्यांच्या औषधांच्या पट्ट्या, चष्मा कपाळावर सरकवून, डोळ्यांजवळ धरून वाचायचा. इथे बंदी असलेली गोळी सापडली तरी ओरडायचा नाही. "खंय दुखता रे?" कुठे दुखतंय, एवढंच विचारायचा आणि स्वतः डॉक्टरकडे घेऊन जायचा.

एकदा शेजारी बसलेल्या नव्या पोराची तसलीच पट्टी त्याच्या हातात पाहून मी हसत म्हटलं, "काका, हीच गोळी माझ्याही बॅगेत असते. मला कोणी अडवलं नाही."

"तुमच्या गळ्यात ऑफिसचं कार्ड आहे, साहेब. पोलीस तुमच्याकडे डॉक्टरची चिठ्ठी मागतील. ह्याची कॉलर धरतील."

माझं हसू विरलं. त्याने हात पुढे केला. मी बॅगेतली पट्टी काढून दिली.

मग पहिल्यांदाच 'साहेब' न म्हणता त्याने विचारलं, "खंय दुखता रे?"