बस्त्यांवर नाव नाही

बुलढाण्यातल्या आमच्या ऑफिसात एकाही बस्त्यावर गावाचं नाव लिहिलेलं नाही. बस्ता म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. बाबा आणि त्यांचे पार्टनर, ज्यांना मी लहानपणापासून चाचा म्हणते, त्या दोघांनी शेतं घेऊन त्यांचे प्लॉट पाडायला सुरुवात केली तेव्हापासूनचे सगळे कागद या बस्त्यांत आहेत. खरेदीखतांच्या नकला, लेआउटचे नकाशे, सातबारे, शिवाय गिऱ्हाइकांनी सिगारेटच्या पाकिटामागे काढून दिलेले घराचे आराखडेसुद्धा.

हे सगळं लावलंय गावानुसार. प्लॉट कुठे आहे याला महत्त्व नाही, घेणारा कुठून आलाय याला आहे. रोहिणखेडवाल्यांचा एक बस्ता, दुसरबीडवाल्यांचा एक, हिवरा आश्रमवाल्यांचा एक. ही चाचांची पद्धत. त्यांचं म्हणणं, माणूस प्लॉटचा नंबर विसरतो, खरेदीचं साल विसरतो, पण आपलं गाव विसरत नाही. बाईच्या नावचा प्लॉट असेल तर फाइल तिच्या माहेरच्या बस्त्यात. "जमीन तिची, त गाव बी तिचंच," असं चाचा म्हणत, आणि यावर वाद घालायला आलेले कितीतरी नवरे चहा पिऊन गप्प परत गेलेले मी पाहिलेत.

पूर्वी बस्त्यांवर नावं होती म्हणे. मग एकदा दुसरबीडचा एक शेतकरी प्लॉट घ्यायला आला, त्याने कपाटाकडे पाहिलं आणि तो बसेचना. त्याच्या गावाचा बस्ता सगळ्यात खालच्या फळीवर होता. "आमचं गाव खाली काऊन ठेवलं जी? आम्ही काय फुकट घेऊन राह्यलो काय?" चाचांनी तिथल्या तिथे बस्ता उचलून वर ठेवला. त्याच आठवड्यात दुसऱ्या गावच्या माणसाने तोच प्रश्न विचारला. कपाटाला वरची फळी एकच, आणि जिल्ह्यात गावं उदंड. शेवटी दोघांनी सगळी नावं काढून टाकली. तेव्हापासून कोणता बस्ता कोणाचा हे फक्त कापडावरून कळायचं, आणि कापड ओळखायचे फक्त चाचा. त्यांच्या भावाचं कापडाचं दुकान होतं, उरलेले तुकडे तिथूनच यायचे. निळ्या फुलांचं म्हणजे रोहिणखेड. ते चाचांचं स्वतःचं गाव, म्हणून जरा बरं कापड.

मी ऑफिसात बसायला लागले तेव्हा ही सगळी तऱ्हा पाहून माझं डोकं फिरलं होतं. आधी एका सीएकडे हिशेब पाहायचे, तिथे प्रत्येक कागदाला जागा होती. इथे कागद मागायचा तर आधी चाचांना चहा पाजायचा, मग त्यांनी गिऱ्हाइकाच्या तीन पिढ्या विचारायच्या, मग बस्ता निघायचा. मी बाबांशी भांडले, चाचांशीही भांडले. दोघेही "हो हो, करू" म्हणायचे आणि पुन्हा आपल्या खुर्च्यांवर समोरासमोर बसायचे. एकमेकांना हाक मारायची तर "पार्टनर". दोघांनी एकमेकांचं नाव घेतलेलं मी कधी ऐकलं नाही.

मग चाची गेल्या. चाचांचा मुलगा पुण्याला नोकरीला, तो अब्बांना घेऊन जायला आला. मुलगा चांगला, सून त्याहून चांगली, आणि चाचांचे गुडघे कुरकुर करायला लागलेले. नाही म्हणायला काही कारणच नव्हतं. चाचा म्हणाले, "येतो ना. पण एवढे बस्ते लिहून देतो पोरीले. नाईतर माह्या मागं कोणाचा कागद सापडणार नाई." मुलाला ते पटलं. मला तर फारच पटलं, कारण हेच मी इतकी वर्षं ओरडत होते.

बाबा पेपर वाचत होते, तो वाचतच राहिले.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. चाचा बस्ता सोडायचे, फाइल वाचून सांगायचे, मी कॉम्प्युटरवर टाकायचे आणि बाबा फायली परत बांधून वर आकड्याची चिठ्ठी लावायचे. गाव नाही, फक्त आकडा. तेवढी सुधारणा मी पदरात पाडून घेतली. कोणाला खालची फळी मिळालीच तर आकड्यावरून भांडायला यावं!

मला वाटलं होतं, भराभर होईल. पण चाचांचं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. एक फाइल उघडली की आधी माणूस उभा राहायचा, मग कागद. "हा रोहिणखेडचा मास्तर. प्लॉट दाखवला त तिथंच आडवा झाला, मातीत. म्हणे, पाय पसरून पाहतो, माही खाट बसते का." बाबा लगेच, "मास्तर नव्हता, कंपाउंडर होता." "पार्टनर, मास्तर होता." "कंपाउंडर." मी दोघांच्या मध्ये बोटं की-बोर्डवर ठेवून बसलेली. शेवटी फाइल पाहिली तर तो पोस्टात होता. दोघंही हसून हसून खोकायला लागले, आणि मला पाणी आणायला उठावं लागलं.

खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले. माझ्या शहराची मला माहितीच नव्हती. रोज ज्या कॉलनीतून मी गाडीने जाते, तिचं मूळ नाव 'विहिरीचा लेआउट'. तिथे गिऱ्हाईक पटवायला चाचा विहिरीचं पाणी तांब्यात आणून पाजायचे. आता विहीर बुजली, तिच्या जागी कोचिंग क्लास आहे. घाटाखालच्या गावातला कोणी माणूस मुलांच्या शाळेसाठी इथे चार भिंती बांधायला आला, म्हणून हे शहर एवढं पसरलं. ते सगळे लोक आमच्या कपाटात कापडात बांधून ठेवलेले होते.

एकच गोष्ट मला खटकत होती. बाबांची गाठ ढिली असते, यावरून चाचा जन्मभर ओरडत आले. फाइल तिरकी लागली तरी त्यांचा जीव वरखाली व्हायचा. पण या दिवसांत ते काही म्हणजे काही बोलले नाहीत. बाबा दोन-दोन बस्ते एकदम उघडे ठेवून बांधायचे, कागद इकडे-तिकडे व्हायचे, आणि चाचा नुसते बघत बसायचे. मला वाटलं, म्हातारे झाले, मनाने पुण्याला पोचलेसुद्धा. मला वाईट वाटलं. घरी आईला मी म्हटलंही, चाचांचं आता इकडे लक्ष राहिलं नाही.

शेवटचा बस्ता संपला तसा मुलगा गाडी घेऊन आला. निघताना चाचांनी बाबांचा हात धरला, बाबा म्हणाले, "गाडीत खिडकीजवळ बस, तुले मळमळते." एवढाच निरोप. गाडी गेल्यावर बाबांनी चाचांची खुर्ची पुसली आणि त्यावर पेपर ठेवला, म्हणजे कोणी बसायला नको.

पुढचे काही दिवस ऑफिस म्हणजे ऑफिसच झालं. कोणी आलं की मी नाव टाकायचे, आकडा यायचा, बस्ता काढायचे, कागद हातात. गिऱ्हाईक चहा न पिता जायचं. बाबा दाराकडे बघत बसायचे. माझा आनंद मात्र गगनात मावत नव्हता.

मग एक बाई आल्या. आईच्या नावच्या प्लॉटवर घर बांधायला त्या बँकेचं कर्ज घेत होत्या आणि लेआउटच्या मंजुरीची प्रत त्यांच्याकडे नव्हती. माहेर आईचं दुसरबीड. मी नाव टाकलं, आकडा आला, बस्ता सोडला. फाइल नाही. पुन्हा पाहिलं. नाही. शेजारचे दोन बस्ते सोडले, त्यातही नाही. बाईंचा चेहरा उतरला, बँकेने त्यांना मुदत दिली होती. मी बाकीचेही सोडायला निघाले तर बाबा ताडकन उठले. "सगळे सोडशील त सगळी गावं एक होऊन जातील! पार्टनरले फोन लाव."

फोन लावला. चाचांनी सगळं ऐकून घेतलं. "फोनवर नाई सांगता येत बेटा. पाहा लागते. येतो मी."

"चाचा, गुडघे दुखतात तुमचे. नुसतं सांगा ना, कुठे शोधू?"

"येतो म्हटलं ना."

पुण्याहून ते खरोखर आले. एसटीतून उतरून थेट ऑफिसात, पिशवी खांद्यावरच. बाईंना बोलावून ठेवलंच होतं. चाचांनी कपाटासमोर उभं राहून कापडांवरून एकदा नजर फिरवली, हिवरा आश्रमचा बस्ता ओढला, गाठ सोडली, आणि तिसरी-चौथी फाइल बाहेर काढून बाईंच्या हातात ठेवली. बाईंनी त्यांच्या पायांना हात लावला. मी तोंड उघडं टाकून उभी होते. दुसरबीडची फाइल हिवरा आश्रमात गेलीच कशी?

"चूक माणसाकडूनच होते," बाबा म्हणाले. चेहरा पेपरात.

पेपर उलटा नव्हता, पण ते वाचतही नव्हते. कान लाल झाले होते. ताकाला जाऊन भांडं लपवायची बाबांची जुनी सवय, आम्हाला घरी सगळ्यांना माहीत आहे. थोड्या वेळाने ते पोहे आणायला बाहेर पडले. पोहे आणायला बाबा कधी स्वतः जात नाहीत. ते गेल्यावर मी चाचांसमोर बसले.

"चाचा, तुम्हाला ती फाइल तिथे आहे हे कसं कळलं?"

"पाहिलं ना. माह्या डोळ्यादेखत तिकडं सारली त्यानं."

"बाबांनी? मुद्दाम?"

"आता मुद्दाम का बिनमुद्दाम, मले काय मालूम? असं लय बस्त्यांत केलं त्यानं."

"मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?"

चाचांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "तुह्या बापाले मले परत बोलवायचं होतं. तोंडानं बोलला असता काय तो? नाई. मग म्हटलं, सारू दे बेटा. मले बी परत यायचंच होतं ना."

मला एकदम भरून आलं, आणि रागही आला. दोघांची अळीमिळी गुपचिळी, आणि मध्ये मी मात्र की-बोर्ड बडवत मरत होते! म्हटलं, आत्ताच्या आत्ता सगळे बस्ते सोडून नीट लावते. उठलेही. चाचा फक्त कपाटाकडे बघत राहिले, तशी मी परत बसले.

त्या वेळी ते आठवडाभर राहिले. बाबांनी घरी दाढी करताना गुणगुणलेलं आईने ऐकलं. ऑफिसात पुन्हा वाद, पुन्हा खोकल्याचं हसू, पुन्हा गिऱ्हाइकांच्या तीन पिढ्या. बाबांच्या ढिल्या गाठीवरून चाचा असे ओरडले की शेजारचा झेरॉक्सवाला धावत आला. मग मुलाचा फोन आला आणि चाचा गेले.

त्यानंतर बरेच दिवस कोणाचाच कागद अडला नाही. कोणाला घर बांधायचं नव्हतं, कोणाला कर्ज नको होतं. जे आले त्यांच्या फायली नेमक्या आपापल्या जागी सापडत होत्या. एरवी अशा गोष्टीवर मी पेढे वाटले असते. बाबा रोज विचारायचे, "आज कोणी आलं होतं?" आणि नाही म्हटलं की पेपर उचलायचे. जेवणाचा डबा अर्धा परत जायला लागला. डॉक्टर म्हणाले काही नाही, वय आहे. मला माहीत होतं काय आहे ते.

एका दुपारी बाबा झेरॉक्सवाल्याकडे गेले होते. मी पुण्याला फोन लावला.

"चाचा, रोहिणखेडची एक फाइल सापडत नाहीये."

"हाव? कोणाची? कोण आलं होतं?"

ते काही मी ठरवलेलंच नव्हतं. आयुष्यभर हिशेबाचं काम केलं, खोटं बोलायची सवय नाही. एखादं नाव आठवावं म्हणून मी कपाटाकडे पाहिलं, तर बस्त्यांवर नावंही नाहीत. मी नुसती "ते… ते हे…" करत राहिले.

मग पलीकडून चाचांचा आवाज आला, अगदी सावकाश.

"राहू दे बेटा. कोणी आलं नसंल तरी येतो मी."