ताई विसरल्या नव्हत्या

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. आईपाशी नाही, बँडमधल्या पोरांपाशी नाही, आणि जिच्यापाशी सगळ्यात आधी बोलायला हवं होतं तिच्यापाशी तर नाहीच. चार वर्षं झाली. तुमची माझी ओळख नाही, म्हणून कदाचित जमेल. मध्येच विषय बदलला तर समजून जा, मी पळतेय.

ड्रम्सपासून सुरुवात करते. ते सोपं आहे.

मी एक्स्ट्रीम मेटल वाजवते, म्हणजे रॉकमधला सगळ्यात वेगवान, कर्कश प्रकार. ऐकणाऱ्याला तो नुसता गोंगाट वाटतो, पण ड्रमरसाठी ती हमाली आणि घड्याळदुरुस्ती एकाच वेळी असते. कानात क्लिक चालू असतो, तालाची टिकटिक, मिनिटाला दोनशे वेळा. त्या प्रत्येक क्लिकमध्ये दोन पायांनी चार ठोके द्यायचे. म्हणजे सेकंदाला तेरा. वर हात वेगळेच, तेवढ्याच घाईत. असं पाच मिनिटं, एकही ठोका न चुकवता. गाणं संपलं की टीशर्ट पिळता येतो. नडग्यांमध्ये निखारे ठेवल्यासारखं जळतं, आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात लाकडासारखा होतो. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत नाही.

आणि माझं घोडं एकशे नव्वदला अडलं होतं. आठ महिने! दर रविवारी सांगवीतल्या एका तळघरात आम्ही तासावर खोली घ्यायचो. दर रविवारी मी एकशे नव्वद पार करायला जायचे आणि तिसऱ्या मिनिटाला हात आखडायचा. पोरं गिटार खाली ठेवून गप्प उभी राहायची. कुणी काही बोलायचं नाही, त्याचाच जास्त राग यायचा. मग मी आणखी जोर लावायचे. घरी रावेतच्या फ्लॅटमध्ये रबरी पॅडवर रोज दोन तास. जेवढा जोर लावावा तेवढी मी हळू व्हायचे. हे काय गणित आहे? मेहनत केली की येतं असंच आपल्याला शिकवलेलं ना? मग मला का येत नव्हतं?

एका सकाळी उजव्या हाताने ब्रश धरता येईना. मनगटाची वरची बाजू सुजलेली. अंगठा हलवला तरी कळ कोपरापर्यंत.

आता कंपनीचं सांगायला हवं.

चाकणच्या एका कारखान्यात मी तेव्हा ट्रेनी होते. गाडीच्या आतल्या वायरी असतात ना, त्यांचे जुडगे बांधायचे आणि त्यांवर टेप गुंडाळायची. लाइनवर आम्ही बावीस मुली. टेपिंगच्या जागेवर मनगट सारखं फिरवावं लागतं, म्हणून दर दोन तासांनी जागा बदलायची असा नियम होता. त्याला रोटेशन म्हणतात. ते बघायच्या आमच्या लाइन लीडर, सुनंदाताई. चाकणच्या अलीकडच्या गावातल्या, शेती असलेल्या घरातल्या. पन्नाशीच्या. कुणाची पाळी आहे, कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणी नाश्ता न करता बस पकडली — सगळं त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. दोन तास झाले की मागे येऊन खांद्यावर टकटक करायच्या. "उठ गं. तिकडं जा आता."

दर दोन तासांनी. एकदाही चुकलं नाही. हे वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण मी याच्या उलट सांगितलं.

जेवणाच्या सुट्टीत माझी बोटं टेबलावर चालायची. ताईंनी एकदा विचारलं, "काय मारतीस गं टेबलाला?" मी म्हणाले, तबला शिकते. ड्रम्स, मेटल, सांगवीतलं तळघर हे सगळं कुठे समजावत बसायचं? त्यांना इतकं कौतुक, अख्ख्या लाइनला सांगून आल्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

हात सुजला तेव्हा सगळ्यात आधी त्यांच्याच लक्षात आलं. बाजूला घेऊन हळद लावायला सांगितली आणि म्हणाल्या, "तबल्यानं तर न्हाई ना झालं?"

बघा — त्यांनी खरं उत्तर माझ्या हातात आणून ठेवलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं.

"नाही हो ताई. इथेच टेपिंगला दुखायला लागलं."

का? पर्मनंटच्या यादीत माझं नाव होतं. बाहेरच्या छंदाने हात गेला असं कळलं तर नाव कापतील असं मला वाटलं. कापलं असतं का? माहीत नाही. मी विचारलंच नाही कुणाला. आणि तेवढंच कारण होतं असंही नाही. ड्रम्समुळे हात गेला म्हणजे मला ड्रम्स येत नाहीत, आठ महिने मी चुकीचं वाजवत होते — हे मला माझ्यापाशीसुद्धा कबूल करायचं नव्हतं. मशीनने झालं म्हटलं की मी सुटत होते.

कंपनीने चिंचवडला एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. माझ्याच वयाची मुलगी. तिने हात दाबून पाहिला, मग सहज नडगीवर अंगठा ठेवला आणि थांबली. म्हणाली, "नुसतं उभं राहून नडगीचा स्नायू असा होत नाही. काय करता तुम्ही?"

तिला सांगितलं. तिथे खोटं चाललंच नसतं. तिने मला स्टिकऐवजी पेन धरायला लावलं आणि टेबलावर वाजवायला सांगितलं. दहा सेकंदांत म्हणाली, बास.

मग तिने जे समजावलं ते मी कधी विसरणार नाही. स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. मनगट खाली नेणारा स्नायू वेगळा, वर आणणारा वेगळा. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने सोडायचं असतं. वेग वाढला की घाबरलेला माणूस दोघांनाही एकदम आवळतो. मग ते एकमेकांशीच भांडत बसतात, हात जागच्या जागी थरथरतो, आणि आवळलेला स्नायू स्वतःचाच रक्तपुरवठा दाबून धरतो. लाकूड होतो. "तुम्हाला ताकद कमी पडत नाहीये," ती म्हणाली, "तुम्ही सोडत नाही आहात." म्हणजे आठ महिने मी स्वतःलाच ब्रेक लावून अॅक्सिलरेटर दाबत होते. घरी येऊन मी पॅड भिंतीवर फेकलं.

निघताना तिला विचारलं, रिपोर्टमध्ये हे लिहाल का? ती म्हणाली, "मला मनगट तपासायला सांगितलंय, मी मनगटाचं लिहीन. काय वाजवता ते तुम्ही सांगायचं."

मी सांगायचं होतं.

आठवड्याने मला ऑफिसात बोलावलं. एचआरचे साहेब, सेफ्टीचे साहेब आणि टेबलावर एक फॉर्म. ग्राहक कंपनीची माणसं तपासणीला येणार होती, त्याआधी माझ्या हाताचं मूळ कारण त्या फॉर्मात भरायचं होतं. दोन्ही साहेबांना फार खोलात जायचं नव्हतं. सेफ्टीच्या साहेबांनी पेन उघडून विचारलं, "रोटेशन मिळतं का?"

"मिळतं," मी म्हणाले. खरंच म्हणाले. मग ते माझ्याकडे बघत राहिले. मिळत असेल तर हात कसा गेला, हा पुढचा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्याच्या मागे रविवार, तळघर, सगळं रांगेत उभं होतं. मी म्हणाले, "पण कधीकधी राहून जातं."

"कधीकधी की बऱ्याचदा?"

"बऱ्याचदा."

एक शब्द. तोही त्यांनीच पुढे केलेला, मी नुसता उचलला. साहेबांनी लिहून घेतला. ताईंचं रोटेशनचं रजिस्टर मागवलं. जागा ताई वेळच्या वेळी बदलायच्या, पण रजिस्टर शिफ्ट संपताना एकदम भरायच्या, एकाच पेनाने. रोज बावीस मुलींना हलवणारी बाई, तिला दर वेळी लिहीत बसायला कुठे फुरसत? साहेबांनी पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, हे तर बसल्याजागी भरलेलं दिसतंय. मी खाली बघत होते.

बाकीच्या मुलींना विचारलं का? दोघींना विचारलं. त्या म्हणाल्या, ताई देतात की. पण सुजलेला हात माझा होता.

ताईंचं लीडरपद गेलं. त्यांना पॅकिंगला टाकलं.

एवढंच असतं तर कदाचित हे मी इतकी वर्षं धरून बसले नसते. माणसं खोटं बोलतात, नोकरीसाठी बोलतात. जे मला खरं सांगायचंय ते याच्या पुढचं आहे.

एका रविवारी दुपारी ताई आमच्या घरी आल्या. मुलाच्या गाडीवरून, पिशवीत घरचे कांदे घेऊन. मी पॅड पायाने पलंगाखाली सारलं. मला वाटलं, भांडायला आल्या. मी तयार होते. खरं सांगू? मला बरंच वाटलं होतं. भांडल्या असत्या, मला खोटारडी म्हणाल्या असत्या, तर आईसमोर सगळं बाहेर पडलं असतं.

त्या भांडल्या नाहीत. चहाचा कप हातात तसाच धरून म्हणाल्या, "पोरी, मी देत व्हते असं मला वाटायचं. लई इचार केला. पर तू कशाला खोटं बोलशील? वयानं इसरत आसंन मी. तुझा हात गेला माझ्यापायी."

आई पलीकडून म्हणाली, "आमची पोर हातावरच पोट भरते हो, ताई." तिला तरी काय माहीत?

ताई रडायला लागल्या. आणि मी — हेच ते — मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "असू द्या, ताई. मनात ठेवू नका."

मी त्यांना माफ केलं. ऐकलंत ना? मी, त्यांना. तोंडावर समजूतदारपणा आणून. त्यांनी माझ्या त्या सुजलेल्या मनगटाला डोकं लावलं आणि गेल्या. कांदे आम्ही पंधरा दिवस खाल्ले.

त्यानंतर कितीतरी दिवस मला ताईंचाच राग यायचा. एवढ्या सहज कसा विश्वास ठेवला? वीस वर्षं लाइन चालवलेली बाई, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही? ओरडायचं होतं साहेबांवर! माझ्यावर! बसमध्ये खिडकीशी बसून मी दात आवळून त्यांच्याशी भांडायचे. त्यांच्याशी — स्वतःशी नाही.

मला सहा आठवडे हलकं काम मिळालं, बसून तपासणीचं. हात विसावला. त्या फिजिओने शिकवलं तसं मी पुन्हा साठच्या क्लिकपासून सुरू केलं. प्रत्येक ठोक्यानंतर हात पूर्ण सोडायचा, बोटं ढिली, खांदे खाली, श्वास चालू. चिडचिड व्हायची, लहान पोराला गिरवायला बसवल्यासारखी. पण सातव्या महिन्यात, त्याच तळघरात, दोनशे झालं. मग दोनशे दहा. हात लाकूड झाला नाही. पोरं ओरडली, मीही ओरडले. तुम्हाला वाटेल की मला तेव्हा ताई आठवल्या असतील. नाही आठवल्या. मला नुसता आनंद झाला, खूप झाला.

मी पर्मनंट झाले. गेल्या वर्षी लाइन लीडरही झाले, त्याच लाइनची. दर दोन तासांनी मुलींच्या खांद्यावर टकटक करते आणि तिथल्या तिथे रजिस्टरमध्ये लिहिते.

ताई अजून पॅकिंगला आहेत. त्यांच्या पदराच्या टोकाला एक छोटी वही बांधलेली असते. गॅस बंद केला, दाराला कडी घातली, गोळी घेतली, सगळं त्यात लिहितात. मध्यंतरी विसरायच्या आजाराची भीती वाटून डॉक्टरकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मुलाने हे मला हसत सांगितलं, बसच्या थांब्यावर. मीही हसले.

मागच्या आठवड्यात मी काही कामाने पॅकिंगला गेले होते. ताई एकेक जुडगा मोजून खोक्यात भरत होत्या. खोकं भरलं, चिकटपट्टी लावली, आणि हात तसाच ठेवून थांबल्या. शेजारच्या मुलीला म्हणाल्या, "मोजलं ना गं मी आत्ता?" ती मोबाईल बघत होती, तिने नुसते खांदे उडवले. ताईंनी चिकटपट्टी काढायला घेतली. मग मी दिसले.

"तू तर बघत व्हतीस, रेश्मा. तू सांग. मोजलं का मी?"

आजूबाजूला कुणी नव्हतं. ती मुलगीही उठून गेली होती. सांगायचं असतं तर तेव्हा सांगता आलं असतं.

"मोजलंत, ताई," मी म्हणाले. "तीस होते."

त्यांनी चिकटपट्टी पुन्हा दाबली, वही काढून त्यात काहीतरी लिहिलं आणि पुढचं खोकं ओढलं. मी ज्या कामाला आले होते ते केलं आणि माझ्या लाइनवर परत गेले.