डावा टाका

सुईबाईंच्या सुईला धार जास्त की जिभेला, यावर धक्क्यावरच्या मंडळींचं आजवर एकमत झालेलं नाही. सुई निदान कापडालाच टोचते, असं त्यांचे यजमान म्हणत. अर्थात बाई आसपास नसताना. यजमान बंदराच्या कचेरीत कारकून होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या बोटींच्या कागदांवर शिक्के मारले आणि निवृत्त झाल्यावर एक जुनी शिडाची होडी घेतली. वर्षातून एकदा, वारा बरा असला की ते किनाऱ्याकिनाऱ्याने खाली जायचे, चार बंदरं करायचे आणि महिन्याभराने उन्हात काळे पडून, पण पोट सुटून परत यायचे. समुद्रावर जाऊन जाड होणारा हा जगातला पहिला माणूस, असं लोक म्हणत. जाड होण्याचं कारण चौथ्या बंदरात होतं. ते बाईंना नऊ वर्षं ठाऊक नव्हतं.

बाई शिडं शिवायच्या. बर्फाच्या कारखान्याच्या डोक्यावर त्यांची लांबलचक खोली होती. लाकडी जमीन कापड सरकवून सरकवून इतकी गुळगुळीत झालेली, की नवं गिऱ्हाईक आत आलं की आधी लोटांगण आणि मग बोलणं. खिडकीशी वडिलांचं बुटकं बाक. शिडं शिवणाऱ्याच्या बाकाला एका टोकाला भोकं असतात, त्यात सुया, दाभण, मेणाचा गोळा ठेवायचा. या बाकाला दोन्ही टोकांना होती. धाकटी मुलगी डावरी निघाली तेव्हा वडिलांनी तिच्यासाठी डाव्या टोकाला मुद्दाम पाडून घेतली होती. गेली बावीस वर्षं ती मेण भरून बुजवलेली होती. कुणी विचारलं तर बाई म्हणत, "किडे शिरतात."

किडे कुठे शिरले होते ते सांगायला हवं.

बावीस वर्षांपूर्वी वडील अंथरुणाला खिळलेले, आणि दोघी बहिणी एकाच बाकावर बसून काम ओढत होत्या. धक्क्यावरच्या कप्तानाला मोठं शीड हवं होतं, तेही परवा. मधली शिवण दुहेरी घालायची असते. थोरलीने, म्हणजे आपल्या सुईबाईंनी, ती एकेरी घातली. कोण बघतंय? वाऱ्याने बघितलं. तिसऱ्या दिवशी भर समुद्रात शिवण वरपासून खालपर्यंत उसवली, शीड फडफडलं, डोलकाठी मोडली आणि कप्तानाच्या गुडघ्यावर आली. त्याला उचलून धक्क्यावर आणलं तेव्हा अख्खं बंदर जमलं होतं. तो कण्हत होता आणि कण्हता कण्हता विचारत होता, "कुणाचा हात होता त्या शिवणीवर? नाव सांगा मला!"

सगळे बाईंकडे बघायला लागले. बाई म्हणाल्या, "धाकटीनं घातली असेल. डावा हात आहे तिचा."

बस्स. एवढं एकच वाक्य. दुसऱ्या दिवशी त्या शिडाचे तुकडे करून बाईंनी त्याची सामान झाकायची आच्छादनं शिवली. महिन्याभरात धाकटी गाव सोडून गेली. त्याच्या पुढच्या महिन्यात वडील गेले. कप्तान तेव्हापासून लंगडत चालतो, आणि रोज दुपारी बाईंच्या खोलीत चहाला येऊन, पाय लांब करून, त्या डावरीच्या नावाने खडे फोडतो. बाई चहात साखर जास्त घालतात. त्याच्या गोड बोलण्यासाठी नव्हे. दुसरं काही घालता येत नाही म्हणून.

दोन वर्षांपूर्वी कारकून सफरीहून आले आणि शीड तपासायला वर पाठवलं. बाईंनी ते जमिनीवर पसरलं, गुडघ्यांवर बसून हात फिरवत गेल्या आणि एका कोपऱ्याशी थांबल्या. हातभर ठिगळ. उजव्या हाताचा टाका एकीकडे कलतो, डाव्याचा दुसरीकडे. हा दुसरीकडे कलला होता.

"हे कुणी लावलं?"

"कोण तो… एक म्हातारा आहे चौथ्या बंदरात," कारकून म्हणाले.

"म्हाताऱ्याला माझ्या बापाची गाठ कुणी शिकवली?"

कारकून खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, बर्फाचा ट्रक होता.

"नऊ वर्षं," शेवटी ते म्हणाले. "दरवर्षी चार-पाच दिवस राहतो तिच्याकडे. जेवू घालते. तुझी चौकशी करते."

"नऊ वर्षं! आणि मी इथे पहाटे उठून तुमच्यासाठी डबे भरत होते!"

"ते परतीच्या वाटेवर खायचो," कारकून म्हणाले. खरं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की थांबत नाही.

बाईंनी त्यांना त्या दिवशी काय काय म्हटलं ते खालच्या बर्फवाल्यांनी ऐकलं आणि पुढे महिनाभर धक्क्यावर पुरवून पुरवून सांगितलं. पण शेवटचं वाक्य बर्फवाल्यांना ऐकू गेलं नाही. ते बाई हळू बोलल्या होत्या. "पुढच्या वर्षी मी येणार. मला तिला एक गोष्ट सांगायची आहे."

चाळीस वर्षं शिडं शिवलेली ही बाई होडीत कधी बसली नव्हती. पाण्याचं वावडं. निघाल्यावर पहिले दोन दिवस ती बादलीला मिठी मारूनच होती, आणि कारकून सुकाणू धरून "क्षितिजाकडे बघ, क्षितिजाकडे बघ" म्हणत होते.

"तुमच्या क्षितिजाला आग लागो," बादलीतून उत्तर आलं.

तिसऱ्या दिवशी पोट जरा ताळ्यावर आलं आणि बाई डोलकाठीला टेकून बोलायचं वाक्य जुळवायला लागल्या. सुरुवातीला ते चांगलं लांबलचक होतं. बाबा आजारी होते, दोरा जुना होता, कप्तान डोक्यावर बसला होता, दिवे गेले होते, आणि अशा घाईत कुणाकडून तरी एक शिवण एकेरी पडली. 'कुणाकडून तरी' हा शब्द त्यांना विशेष आवडला होता.

पहिल्या बंदरात मिठाच्या गोदामाशी नांगर टाकला तेव्हा दिवे गेले होते हे वगळलं, कारण गेले नव्हते. दुसऱ्या बंदरात धक्क्यावर उभ्या राहून त्यांनी सगळ्यांच्या शिडांना नावं ठेवली, एका गोऱ्यागोमट्या होडीमालकाला "हे शीड आहे की पडदा?" असं विचारलं, आणि त्या भरात दोराही जुना नव्हता हे स्वतःशी कबूल करून टाकलं. तिसऱ्या बंदरात मात्र पाय अडला. तिथे वाऱ्याअभावी पाच दिवस पडून राहिले. रिकाम्या डोक्यात सबबी परत आल्या, बरोबर दोन-चार नव्या पाहुण्याही घेऊन. धाकटीचंही चुकलंच की. तोंड नव्हतं का तिला? बोलायचं होतं.

"परत फिरू या का?" सहाव्या दिवशी वारा सुटल्यावर बाईंनी विचारलं.

कारकून आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हणाले. म्हणजे, "वारा तिकडचा आहे," असं म्हणाले.

चौथ्या बंदरात धाकटीचं दुकान धक्क्याला लागूनच होतं. तळमजला, रुंद दार, भिंतीवर रंगीत दोऱ्यांच्या रिळांची रांग, कोपऱ्यात चालू रेडिओ. पांढरे केस मागे बांधलेली बाई बाकावर बसून शिवत होती. तिने वर बघितलं, रेडिओ बंद केला आणि म्हणाली, "ताई, वाळलीस गं."

"बादलीनं वाळवली," थोरली म्हणाली. पण तिची नजर धाकटीच्या हातावर होती. सुई उजव्या हातात होती.

"हा हात कधीपासून?"

"इथे आले तेव्हापासून. माझ्याआधी माझी कीर्ती येऊन बसली होती ना इथे. डाव्या टाक्याचं शीड कुणी घेईना. दोन वर्षं लागली शिकायला. हा अंगठा बघ."

अंगठा बाहेरच्या बाजूला वाकला होता.

"मग ते ठिगळ?"

"ते मुद्दाम. म्हटलं बघू, ताई अजून टाका वाचते का."

आता वेळ आली होती. लांबलचक वाक्यातलं काहीच जागेवर नव्हतं. बाबा, दोरा, घाई, सगळे ऐनवेळी पसार. तोंडातून एवढंच आलं, "ती शिवण माझी होती."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तुझी होती ते. शीड धक्क्यावर पडलं होतं, तू कापायच्या आधी मी हात फिरवून आले होते. भावोजींना सांगितलंही होतं त्याच दिवशी."

बाईंनी यजमानांकडे वळून बघितलं. यजमान एका दोराचं टोक असं निरखत होते, जणू त्यावर बारीक अक्षरात काही लिहिलंय.

"घरात शांतता राहावी म्हणून…" ते म्हणाले.

"राहिली," धाकटी म्हणाली. "माझ्या घरात तर फारच राहिली. एकटीच होते."

मग ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, अगदी साध्या आवाजात, "ताई, मला कशाला सांगतेस? मला कळलेलंच होतं. ज्याच्या गुडघ्यावर डोलकाठी पडली त्याला सांग. अजून खडे फोडतो ना माझ्या नावाने?"

"रोज," कारकून म्हणाले. "चहाबरोबर."

"मग त्याला सांग. चार माणसांत सांग, माझं नाव चार माणसांतच घेतलं होतंस. आणि मग ये, हवी तितकी राहा."

तिने जेवू घातलं, जाड गादी दिली, खिडकी वाऱ्याची दिली. ओरडली असती तर बाईंना ओरडता आलं असतं. निघताना फक्त तिने विचारलं, "बाबांच्या बाकाची माझ्या बाजूची भोकं आहेत का गं अजून?"

"आहेत," बाई म्हणाल्या. मेण भरलेलं भोक हेही भोकच.

परतीच्या वाटेवर बाईंना एकदाही उलटी झाली नाही. त्या पूर्ण वेळ म्हणत होत्या, "सांगणार. गेल्या गेल्या सांगणार. मी काय त्या लंगड्याला भिते?"

घरी आल्याच्या दुसऱ्या दुपारी शीड जमिनीवर पसरलेलं होतं. बर्फाच्या कारखान्यातले दोघं सफरीच्या गप्पा ऐकायला वर आले होते. कारकून चहाचा कप घेऊन दाराशी. कप्तान पाय ओढत आला, बसला, आणि काठीच्या टोकाने ते ठिगळ टोचलं.

"वहिनी, हे कुणाचं काम? उलटं कललंय बघा. डावरं आहे."

बाईंनी तोंड उघडलं. चार माणसं होती, मोजून. यापेक्षा चांगली वेळ धाकटीने स्वतः आणून दिली नसती.

"असेल कुणीतरी," बाई म्हणाल्या. "बाहेरच्या बंदरातलं आहे. घाईत केलंय."

"उसवून टाका आधी. पाय गेला माझा असल्या हातानं. उद्या कुणाचा जीव जाईल."

"हं," बाई म्हणाल्या, आणि त्याच्या चहात साखर घातली.

कारकुनांनी शिक्का मारावा तसा कप बशीत ठेवला आणि जिना उतरून गेले. सांगितलं त्यांनीही नाही. बाईंनी ते ठिगळ उसवलं नाही, हा त्यांचा मोठेपणा धरायचा तर धरा.

यंदा कारकून एकटेच गेले. महिन्याऐवजी अठरा दिवसांत परत आले, आणि धक्क्यावर उतरले तेव्हा लोक बघतच राहिले. पोट गेलं होतं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"दारातच विचारलं तिनं, 'सांगितलं का?' मी नाही म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. शीड एका जागी फाटलं होतं, ते गिऱ्हाइकासारखं शिवून दिलं. बसा म्हणाली नाही. मी डबेच खाल्ले."

बाईंनी शीड पसरलं आणि गुडघ्यांवर बसून हात फिरवत गेल्या. जुन्या ठिगळाच्या शेजारी नवं होतं. टाके एकसारखे, घट्ट, सगळे उजवीकडे कललेले. गाठही वडिलांची नव्हती. कुठल्याही बंदरातल्या कुठल्याही माणसाने शिवलं असतं तसं ते होतं, आणि कुणी सांगितलं नसतं तर बाईंना ओळखूही आलं नसतं.

जिन्यावर काठीचा आवाज आला. बाईंनी चहा ठेवला.