शेठचा शाकाहारी बिबट्या

“मॅडम, बिबट्याला पनीर चालेल का?” उमेळे गावातल्या एका बिल्डरने मला विचारलं. त्यांना सगळे शेठ म्हणत. बिबट्या होता चित्रांच्या पुस्तकातला. तो शहरात शिरतो आणि फजिती होते, सगळं यमकात. लिहिलं आणि चितारलं होतं सायलीने. तिचं पहिलं पुस्तक. मी संपादक. छपाईचा खर्च शेठचा, कारण फ्लॅटच्या चावीबरोबर ते मुलांना भेट द्यायचं होतं.

आर्या, नील, तुम्ही संपादनात नवे आहात म्हणून सांगते, खर्च करणाऱ्याचं थोडं ऐकावं लागतं. मी बिबट्याच्या जेवणातली कोंबडी काढून पनीर घातलं. मग शेठ शेवटच्या कडव्याशी अडले.

बिबट्या म्हणे, झोपू कुठे? दिसत नाही झाड.
वॉचमन म्हणे, शेठ म्हणाले, दिसेल ते ते पाड.

“हे ‘पाड’ काय आहे?”

“यमक आहे.”

“आमची साइट चिकूच्या वाडीवर आहे हो. ‘जप’ करा. दिसेल ते ते जप.”

सायली उमेळ्याचीच. त्या चिकूंवर चढून मोठी झालेली. तिने पुस्तकावरून स्वतःचं नाव काढायला सांगितलं. मी तिला थांबवलं आणि ‘जप’ मान्य केलं. अट एकच, छापण्याआधी डमी मुलांना वाचून दाखवायची. डमी म्हणजे हाताने शिवलेली कच्ची प्रत. त्यात यमकाचा शब्द आम्ही मुद्दाम पुढच्या पानावर ठेवतो. पान उलटण्याआधी मुलांनी तो ओळखायचा असतो.

शेठना कल्पना फार आवडली. त्यांनी क्लबहाउसमध्ये फ्लॅटवाल्यांना मुलांसह बोलावलं, समोसे मागवले आणि स्वतः पहिल्या रांगेत बसले.

सायली वाचत गेली. “दिसेल ते ते...” इथे ती थांबली.

“पाड,” सगळी मुलं एका सुरात म्हणाली.

तिने पान उलटून ‘जप’ वाचलं. पुढे बसलेली एक मुलगी म्हणाली, “ताई, चुकलं. झाडला पाडच येतं.”

मागून कुणाचे तरी बाबा म्हणाले, “खिडकीतून बघितलं तरी तेच येतं.” मोठी माणसं हसली. शेठही हसले, पण समोसा हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक रद्द केलं आणि मुलांना कंपासपेट्या वाटल्या. सायलीचं पुस्तक पुढे एका लहान प्रकाशकाने साध्या कागदावर काढलं. त्यात ‘पाड’ आहे, कोंबडीही आहे.

धडा एवढाच, की झाडं पाडायची तर सगळी पाडावीत. शेठनी एकच ठेवलं, कडव्यातल्या पहिल्या ओळीच्या शेवटचं, आणि तेच त्यांना नडलं.